बिनतारी सस्पेन्शन: दणका खालून आला की झोका वरून, हे सायकलीला कसं कळतं?

प्रश्न असा आहे. ऐरोलीच्या एका ताईंच्या दिरानं परदेशातून कायमचं परतताना आपली फुल सस्पेन्शन माउंटन बाईक सोबत आणली आणि वहिनीला देऊन टाकली. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या डोक्यावर एक डबी, मागचे दणके झेलणाऱ्या शॉकला एक डबी, दोन्हींत बॅटऱ्या आणि वायर मात्र कुठेच नाही. सायकल नुसती उचलली तरी आतून 'चिर्र' आवाज येतो. ताई विचारतात, हे नेमकं करतं काय? ब्लूटूथवर चालतं का? आपल्याकडच्या पावसात बंद पडेल का? आणि रविवारी सायकलीनं येऊरचा नाहीतर खारघर हिलचा डोंगर करणाऱ्या बाईला याची गरज आहे, की विकून साधा शॉक बसवावा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. विकू नका, निदान एवढ्यात तरी. पण बॅटऱ्या चार्जिंगला लावण्याआधी एक चांगला शॉक पंप विकत घ्या. इलेक्ट्रॉनिक सिस्टिमसाठी पहिली खरेदी हवेच्या पंपाची का, हे सांगायला मला जरा लांबून यावं लागेल.

मी बावीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. प्रेशर ट्रान्समीटर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, कंट्रोल लूप यांतच आयुष्य गेलं. आता वर्तकनगरला छोटा गाळा आहे आणि तिथं फक्त फोर्क आणि शॉक खोलतो. पंक्चरसुद्धा काढत नाही. त्यामुळे पहिल्यांदा हे बिनतारी प्रकरण टेबलावर आलं तेव्हा मला ते ओळखीचंच वाटलं. सेन्सर, मधला मेंदू आणि व्हॉल्व्ह. प्लांटमध्ये हेच असतं, फक्त तिथं ते पळत नाही.

सस्पेन्शनमध्ये कामं दोनच. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं. तुमच्या सायकलीत ही स्प्रिंग म्हणजे पंपानं भरलेली हवा. दुसरं काम डँपरचं. ऑफिसच्या दारावर डोअर क्लोजर असतो ना, दार धाडकन आपटू न देता हळूच लावणारा, अगदी तसंच. तेल बारीक भोकातून ढकलावं लागतं आणि त्यात जोर खर्ची पडतो. भोक मोठं केलं तर शॉक सहज दबतो, बारीक केलं तर अडून राहतो. दबतानाचा अडथळा म्हणजे कॉम्प्रेशन, परत वर येतानाचा तो रिबाऊंड. तुमच्या त्या दोन्ही डब्या यातल्या फक्त एका गोष्टीला हात लावतात, कॉम्प्रेशनच्या भोकाला. हवा, सॅग (म्हणजे नुसतं बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते) आणि रिबाऊंड यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही. ते सगळं आजही पंपानं आणि बोटांनीच करायचं.

मग एवढ्या एका भोकासाठी इतका खटाटोप का?

चढावर पेडल मारताना आपण सायकलीवर तालात जोर टाकत असतो. मिनिटाला ८० फेरे धरले तर दोन पायांचे मिळून १६० दणके होतात, म्हणजे सेकंदाला पावणेतीनच्या आसपास. आता दुसरी बाजू बघा. बसल्यावर मागचं चाक ४५ मिलिमीटर दबत असेल, तर त्या स्प्रिंगचा स्वतःचा झुलण्याचा वेग निघतो सेकंदाला साधारण सव्वादोन ते अडीच. दोन्ही आकडे जवळजवळ आले. झोपाळ्यावर बसलेल्या पोराला नेमक्या वेळी धक्का दिला की झोका वाढतच जातो, तसा शॉक तुमच्या पायांच्या तालावर झुलायला लागतो. पाय दमतात, सायकल मात्र वरखाली डोलत जागच्या जागी असल्यासारखी वाटते. यावरचा जुना इलाज म्हणजे लॉकआउटची, शॉक जाम करून टाकणारी खिट्टी. चढ आला, खिट्टी फिरवा. उतार आला, सोडा.

येऊरला उपवनकडून डांबरी रस्त्यानं चढताना ही खिट्टी छान काम देते. एकदा लावली की वरपर्यंत हात लावायला नको. घोटाळा होतो तो नंतर. माझ्याकडे येणाऱ्या शॉकपैकी कितीतरी 'मागून फार हाणतो' या तक्रारीनं येतात. मी काही खोलत नाही, खिट्टी सोडतो आणि परत देतो. चहाचे पैसे घेतो, कधी तेही नाही. चढताना लॉक केलेला शॉक माणूस उतरतानाही तसाच ठेवतो, कारण गप्पांच्या नादात खिट्टीची आठवण राहत नाही. आणि जिथे दर पन्नास मीटरवर चढ-उतार बदलतो, तिथे आठवण राहिली तरी खाली वाकून शॉकपर्यंत हात नेणार कोण?

म्हणजे खिट्टी आपोआप फिरली पाहिजे. पण ती फिरवणाऱ्याला एक गोष्ट ओळखता यायला हवी: आत्ता जो शॉक दबतोय, तो वरून माणसाच्या जोरानं दबतोय की खालून दगड आल्यामुळे? वरचा झोका असेल तर अडवायचा, खालचा दणका असेल तर जाऊ द्यायचा. सगळं शास्त्र या एका ओळखीत आहे. बाकी मोटर, बॅटरी, रेडिओ ही हमाली.

विजेशिवायही हे करून पाहिलं गेलंय. स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीनं २००३ च्या सुमारास आपल्या एपिक सायकलीत 'ब्रेन' आणला. मागच्या चाकाच्या आसाजवळ एका नळीत धातूचा जड ठोकळा ठेवलेला. रायडर वरून दाबतो तेव्हा चाक जमिनीला टेकलेलंच असतं, त्यामुळे ठोकळा जागचा हलत नाही आणि तेलाची वाट बंद राहते. दगड आला की चाक झपकन वर उचललं जातं, जड ठोकळा मागे राहतो आणि वाट उघडते. बसच्या धक्क्याला उभा माणूस मागे कलंडतो, तेच तत्त्व. कल्पना झकास होती, पण उघडायला एक दणका खावाच लागायचा. तो 'टक' हाताला जाणवायचा.

त्याच ठोकळ्याची जागा पुढे ॲक्सेलरोमीटरनं घेतली. मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरते, ती ज्या चिपमुळे फिरते त्याच जातीची ही चिप. लापिएर या सायकल कंपनीनं सस्पेन्शन बनवणाऱ्या रॉकशॉक्सबरोबर २०१२ मध्ये ई-आय नावाची सिस्टिम आणली, ती वायरची. फॉक्स ही दुसरी सस्पेन्शन कंपनी, तिची लाइव्ह व्हॉल्व्ह २०१८ ला आली, तीही वायरची. ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉकशॉक्सनं फ्लाइट अटेंडंट काढली आणि वायर गेली. २०२४ मध्ये हीच सिस्टिम हलक्या क्रॉस-कंट्री सायकलींसाठी आली, त्याच वर्षी फॉक्सनंही लाइव्ह व्हॉल्व्ह निओ नावानं वायर काढून टाकली. ताई, फोर्कला आणि शॉकला दोन्हीकडे डब्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुमची फ्लाइट अटेंडंट. निओमध्ये हुकूम फक्त मागच्या शॉकला मिळतो, फोर्क साधाच राहतो.

हा फरक मला फार आवडतो, म्हणून जरा थांबतो इथे.

फॉक्सचे सेन्सर ब्रेकच्या कॅलिपरजवळ बसतात, पुढे एक, मागे एक. म्हणजे ते चाकासोबत हलतात, स्प्रिंगच्या खालच्या बाजूला. दगडाची बातमी त्यांना थेट मिळते, मध्ये कुणी नाही. आता गणित करा. दोन चाकांच्या आसांमध्ये अंतर धरा १.२ मीटर. ताशी १८ किलोमीटरनं तुम्ही जाताय, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. पुढच्या चाकाला लागलेला दगड मागच्या चाकाखाली यायला लागतात २४० मिलिसेकंद. ताशी ३६ ला ते होतात १२०. रेडिओचा निरोप जायला काही मिलिसेकंद आणि व्हॉल्व्ह उघडायला अजून थोडे. फॉक्स हे सगळं एका सेकंदाच्या सत्तराव्या भागात, म्हणजे १४-१५ मिलिसेकंदांत होतं असं सांगते. मागच्या शॉकला तयारीला भरपूर वेळ मिळाला. पुढचं चाक हे मागच्याचा वाटाड्या झालं. पण पुढच्या चाकाच्या पुढे कोण आहे? कुणीच नाही. फोर्कला पहिला दणका स्वतःच खावा लागतो. माझ्या मते म्हणूनच निओनं फोर्कचा नाद सोडला असावा, आणि तो शहाणपणाच आहे.

उंच कट्ट्यावरून खाली उडी मारली तर? हवेत असताना ॲक्सेलरोमीटरचा आकडा शून्यावर येतो. अर्ध्या मीटरच्या उडीत जमिनीला टेकेपर्यंत सुमारे ३२० मिलिसेकंद जातात. तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडून, आळस देऊन पुन्हा बसेल.

तुमच्या फ्लाइट अटेंडंटमध्ये रचना वेगळी. फोर्कचा सेन्सर डोक्यावरच्या डबीत, म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या बाजूला. तिथवर पोचेपर्यंत दगडाचा दणका फोर्कच्या हवेतून आणि तेलातून गाळून आलेला असतो. मागच्या डबीत दुसरा. वरचा झोका आणि खालचा दणका यांची ओळख पटावी म्हणून तिसरा साक्षीदार ठेवलाय, तो क्रॅंकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या, पोकळ आसात लपलेला पेडल सेन्सर. तुम्ही पेडल मारताय की नाही, हे तो सांगतो. सायकल चढाला लागली आहे की उताराला, हे फोर्कच्या डबीला नाकाच्या कलावरून कळतं. या तिघांच्या बातम्या एकत्र करून फोर्कमधला मेंदू दर काही मिलिसेकंदांनी ठरवतो: ओपन, पेडल की लॉक. फोर्क आणि शॉक यांची अवस्था सारखीच असली पाहिजे असं नाही. मागचा पेडलमध्ये आणि पुढचा ओपन, असंही चालतं. लॉक म्हणजेही कुलूप लावल्यासारखा घट्ट नव्हे. मोठा दणका बसला तर तेल वाट काढतंच.

निर्णय झाला की डबीतली चिमुकली मोटर एक बारीक दांडी फिरवते आणि खाली डँपरमध्ये तेलाची वाट लहानमोठी होते. तुमचा तो 'चिर्र' आवाज याच मोटरचा. सायकल उचलली की सेन्सर जागे होतात, नाक वर झालेलं दिसतं आणि मेंदूला वाटतं, चढ आला! ते बिघाडाचं लक्षण नाही, उलट जिवंत असल्याची खूण. माझ्या स्टँडवर सायकल टांगली की मी आधी पुढचं टोक वरखाली करून हाच आवाज ऐकतो. डॉक्टर नाडी बघतात तसं.

फॉक्सच्या लाइव्ह व्हॉल्व्हमध्ये मोटरऐवजी लॅचिंग सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या झटक्यानं सरकणारा व्हॉल्व्ह असतो. कंपनीत आमच्याकडेही असे व्हॉल्व्ह होते. वीज फक्त अवस्था बदलताना लागते, नंतर चुंबक धरून ठेवतो. म्हणूनच एवढ्याशा बॅटरीवर तासन् तास भागतं. मोटरचंही तसंच, फिरून थांबली की खर्च संपला.

आता रेडिओ. ब्लूटूथ आहे, पण ते फक्त तुमच्या मोबाइलशी बोलायला. डब्या आपापसात कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात, ॲक्सेस असं त्या जाळ्याचं नाव, तेही सांकेतिक करून. अंतर जेमतेम मीटरभर आणि निरोप अगदी त्रोटक. त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या वायफायच्या गर्दीतून गेलात तरी काही होत नाही. शेजारून दुसरी तशीच सायकल चालली असेल तरी तुमचा शॉक तिचं ऐकत नाही, कारण पेअरिंग तुमच्यातच झालेलं असतं. कुणी मुद्दाम खोडी काढेल का, असं मला एका मुलानं विचारलं होतं. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शिमानोच्या बिनतारी गिअरचे सिग्नल टिपून पुन्हा सोडून गिअर बदलून दाखवले होते, आणि शिमानोला त्यावर नवं फर्मवेअर काढावं लागलं. पण ती गोष्ट गिअरची, आणि दुसऱ्या कंपनीची. रविवारी सकाळी खारघरच्या पठारावर तुमचा शॉक लॉक करायला झुडपात कुणी दबा धरून बसणार नाही.

बॅटऱ्यांचं जरा नीट वाचा. फोर्क आणि शॉक दोघांना तीच बॅटरी लागते जी ॲक्सेसच्या बिनतारी मागच्या गिअरला लागते. अदलाबदल चालते, त्यामुळे एकाची संपली तर प्राधान्य कशाला द्यायचं हे तुमच्या हातात. मी गिअरला देईन. शॉक एका अवस्थेत अडकला तरी घरी येता येतं, चढावर गिअर अडकला तर सायकल ढकलावी लागते. एका चार्जमध्ये वीस-तीस तास धरा, चार्ज व्हायला तासभर. पेडल सेन्सरला ट्रिपल ए सेल आणि हँडलवरच्या बटणाला नाण्यासारखा सीआर २०३२. बॅटरी पूर्ण संपली म्हणून सस्पेन्शन मरत नाही. हवा आहे, तेल आहे, रिबाऊंड आहे. फक्त खिट्टी फिरवणारा झोपला.

आणि हा झोपतो कधी, ऐका. कोपरीचे एक गृहस्थ सलग तीन रविवार तक्रार घेऊन आले. शनिवारी रात्री बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या, रविवारी दुपारी लाल. नवीन बॅटऱ्या घेऊन झाल्या, तरी तेच. तिसऱ्या वेळी मी त्यांच्याबरोबर खाली गाडीपर्यंत गेलो. सायकल गाडीच्या मागच्या रॅकवर. ते लोणावळ्याला जायचे, म्हणजे दोन तास सायकल रॅकवर थरथरत राहायची. डब्यांना वाटायचं, मालक सायकल चालवतोय! रस्ताभर मोटरी चिर्र चिर्र करत कामाला लागलेल्या. गाडीवर सायकल चढवताना बॅटऱ्या काढून खिशात ठेवा, आणि खाचेवर ते प्लॅस्टिकचं झाकण लावा. एवढंच.

झाकण म्हटल्यावर पाऊस आला. पावसानं या डब्या मरत नाहीत, धुण्यानं मरतात. येऊरचा लाल चिखल लागलेली सायकल लोक पेट्रोल पंपाशेजारच्या वॉशिंग सेंटरवर नेतात आणि तो पोरगा मोटारसायकल धुतो तसाच प्रेशरचा फवारा मारतो. कुठलीच सील तो फवारा जवळून सहन करत नाही, साध्या फोर्कचीसुद्धा नाही. बादली, मग, मऊ ब्रश. बॅटरी काढून तिच्या सोनेरी टोकांवर कोरडं फडकं फिरवायचं. ती हिरवट दिसायला लागली तर समजा उशीर झाला.

यातली माझी एक चूक सांगून टाकतो. पहिला असा फोर्क आला तेव्हा मी डबी काढली आणि परत बसवताना खालची रबरी सील एका बाजूला दुमडून बसली. वरून काही दिसेना, चालतही होतं. जुलै होता. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं, डबीच्या आत पाणी. नवी डबी मी माझ्या खिशातून मागवली. तेव्हापासून सील बसवताना चष्मा लावतो, टॉर्च धरतो आणि फोन उलटा ठेवतो.

आता पंपाकडे येऊ.

गेल्या वर्षी घणसोलीचा एक तरुण आला. सायकल तुमच्यासारखीच. म्हणाला, 'काका, हे ऑटो काही कामाचं नाही. गुळगुळीत चढावरसुद्धा ओपनच राहतं, मग मी बटण दाबून हातानंच लॉक करतो.' मोबाइलवरच्या ॲपमध्ये सगळं हिरवं, बॅटऱ्या भरलेल्या, कॅलिब्रेशन झालेलं. मी त्याला हेल्मेट, पाण्याची पिशवी सगळं घालून सायकलीवर बसायला सांगितलं. शॉकच्या दांडीवर एक रबरी ओ-रिंग असते, ती खाली सरकवली, त्याला अलगद उतरवलं आणि पट्टी लावली. एकूण ६५ मिलिमीटर दबणाऱ्या शॉकवर ओ-रिंग सरकली होती ८ मिलिमीटर. सॅग बारा टक्के! लागतो साधारण तीस, म्हणजे १९ ते २० मिलिमीटर. फोर्कही तसाच दगड. आधीचा मालक नव्वद किलोचा, हा चौसष्टचा. हवा कुणी बदललीच नव्हती.

मघाशी सांगितलं ना, तुमच्या सिस्टिमचा सेन्सर स्प्रिंगच्या वर बसलाय. स्प्रिंग नको तितकी टणक असली की साधी खडीसुद्धा गाळल्याविना वरपर्यंत पोचते. मेंदूला बातमी जाते, 'रस्ता भयंकर खराब आहे.' तो इमानदारीनं सगळं उघडून ठेवतो. त्यात त्याची चूक काय? प्लांटमध्ये ट्रान्समीटर चुकीचा आकडा दाखवत असेल आणि लूप वेड्यासारखा वागत असेल, तर कंट्रोलरला शिव्या देऊन उपयोग नसतो. त्या मुलाच्या शॉकची हवा सोडत सोडत तीस टक्क्यांवर आणली, फोर्क वीस टक्क्यांवर, म्हणजे एकूण १५० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कमध्ये ३० मिलिमीटर. वजन कमी म्हणून रिबाऊंडही थोडा उघडला. पुढच्या आठवड्यात तो खारघर हिल करून परस्पर फोनवर बोलला. बटणाला हात लावला नव्हता.

तुमच्या दिराचं वजन तुमच्याएवढंच असेल असं मी धरत नाही. म्हणून पंप आधी.

हवा झाली की मग ॲप उघडा. त्यात 'बायस' नावाची एक पट्टी आहे, उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत. एका टोकाला सिस्टिम चटकन उघडते, दुसऱ्या टोकाला चटकन घट्ट होते. सुरुवात शून्यापासून करा आणि निदान चार राइड तिथंच राहा. लोक पहिल्याच दिवशी ती पट्टी इकडून तिकडे हलवतात, मग कशामुळे काय झालं ते कळत नाही. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करून कॅलिब्रेशन मात्र एकदा नव्यानं करा. पार्किंगच्या उतारावर नको, सोसायटीच्या लॉबीत करा. मेंदूला सपाट म्हणजे काय हेच तिरकं शिकवलं, तर पुढे प्रत्येक रस्ता त्याला चढ वाटेल.

२०२४ नंतरच्या क्रॉस-कंट्री सायकलींत पॉवर मीटरही जोडलाय. तुम्ही किती जोर लावताय हे बघून सिस्टिम तुमच्या श्रमाच्या चार पायऱ्या करते, अगदी निवांतपासून स्प्रिंटपर्यंत, आणि प्रत्येक पायरीला बायस वेगळा. राइड वाढतील तशा या पायऱ्या तुमच्या ताकदीप्रमाणे जुळवून घेते. शर्यतीत उतरणाऱ्याला यात अर्थ आहे. तुमच्याकडे ते नाही, आणि नाही म्हणून काही अडणार नाही.

गरज आहे का, हा प्रश्न उरला. खरं सांगतो, नुसतं येऊर असतं तर मी म्हटलं असतं, नाही. डांबरी चढ एक, डांबरी उतार एक. खिट्टी दोनदा फिरवायची, त्यासाठी तीन सेन्सर कशाला? आणि तिथे आडवाटेनं जंगलात सायकल घालायची नाही. ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, बिबट्याचं घर आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय रस्ता सोडायचा नाही. खारघर हिलची गोष्ट वेगळी. डांबरी चढ संपून फणसवाडी-चाफेवाडीच्या बाजूला गेलात की दहा पेडल वर, वीस मीटर खाली, मध्येच उघडा पडलेला काळा खडक, पुन्हा चढ. तिथे माणूस खिट्टीला हात लावत नाही, एकतर सगळं उघडं ठेवून डोलतो नाहीतर सगळं बंद ठेवून हाडं खिळखिळी करून घेतो. नेमकं तिथे हे यंत्र आपला पगार वसूल करून देतं. वजनाला काही शे ग्रॅम जास्त पडतात, ते मला पटतं.

एक कमतरता मात्र कुठल्याच बॅटरीनं भरून निघत नाही. त्याला डोळे नाहीत. पुढच्या वळणानंतर पायऱ्यांसारखा खडक आहे हे तुम्हाला दिसतं, त्याला नाही. तो फक्त घडलेलं जाणतो. अशा ठिकाणी आधीच बटण दाबून ओपन करून घ्यायचं, हे लवकरच सवयीचं होईल.

तेल-सीलची सर्व्हिस चुकवू नका. बिनतारी आहे म्हणून आतलं तेल जास्त टिकत नाही. फोर्कच्या खालच्या नळ्या आणि शॉकची हवेची बाजू ५० तासांनी, पूर्ण डँपर २०० तासांनी. जून ते सप्टेंबर चालवत असाल तर ५० चे ४० धरा, हा माझा हिशेब. डँपर उघडायची वेळ येईल तेव्हा ज्यानं हे आधी उघडलंय त्याच्याकडेच द्या, आणि देण्याआधी विचारून घ्या.

तुम्ही लिहिलंय की दीर शेवटची दोन वर्षं सायकल चालवतच नव्हते. म्हणजे ५० तासांची सर्व्हिस आत्ताच बाकी आहे, तास झाले असोत वा नसोत. सील कोरड्या पडलेल्या असणार. सायकल माझ्याकडे आणणार असाल तर दिराकडून चार्जर मागून घ्या. तो सायकलीबरोबर द्यायचा राहून जातो आणि मग लोक मोबाइलची वायर घेऊन येतात. डब्यांचं पेअरिंग घरी मोडू नका. क्रॅंकमधला ट्रिपल ए सेल दोन वर्षं आतच असेल तर तो आधी काढून बघा, पाझरलाय का. पांढरी भुकटी दिसली तर बोट लावू नका, तसंच आणा.